दोन वीत चार बोटं

एकदा एका नदीकाठच्या गावात बायजाक्का नावाची एक वृद्धा राहत असे. पंचक्रोशीत गोधडी शिवावी तर बायजाक्कानं, अशी तिची ख्याती होती. वयाची सत्तरी उलटली तरी टाका सरळ, नजर शाबूत आणि शिकवण्याच्या बाबतीत हात सढळ. कुणीही यावं आणि शिकावं. गुरुदक्षिणा म्हणून जुन्या लुगड्याचा एक तुकडा आणला तरी म्हातारी प्रसन्न. अट एकच असे, की गोधडी ताणून बसवायची चौकट ज्याची त्यानं घरच्या घरी, स्वतःच्या हातानं करायची.

त्याच गावात हौसा राहत होती. ही गोष्ट खरं म्हणजे तिची आहे. पंचेचाळिशीची, उंचापुरी, कष्टाळू बाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. गावच्या बायका जुनी लुगडी आणून द्यायच्या, हौसा गोधड्या शिवायची आणि त्यावर तिचं एकटीचं पोट चालायचं. बाईत खोट म्हणाल तर एकच. तिला कुणाचं खरं वाटत नसे. दूधवाल्यानं जास्त घातलं तरी ती विचारात पडायची, की आज ह्यानं जास्त का घातलं बरं?

तर झालं असं, की हौसाचा उजवा गुडघा गेला. त्या भागात बहुतेक बायका गोधडी जमिनीवर अंथरून, तिच्यावरच बसून, गुडघ्यांवर सरकत सरकत शिवतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, मांडी घालून बसणं विसरा आता." सुई थांबली की चूल थांबणार. मग कुणीतरी तिला सुचवलं, की चौकट कर, म्हणजे स्टुलावर बसून शिवता येईल.

ती आठवड्याच्या बाजारात गेली. तिथं एका लाकूडसामानाच्या व्यापाऱ्यानं पॉलिश केलेली तयार चौकट मांडून ठेवली होती. किंमत ऐकून हौसानं पदर सावरला आणि पाठ फिरवली. व्यापारी मागून हसत म्हणाला, "बायजाक्काकडं जाणार वाटतं? जा, जा. शिकवते म्हणे ती फुकट. पण स्वतःची चौकट मात्र चादरीखाली झाकून ठेवते. का झाकते, ते तेवढं विचार तिला."

व्यापाऱ्याला त्याचा माल खपवायचा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हौसालाही कळलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

बायजाक्काच्या ओसरीवर पाऊल ठेवताच हौसानं पहिली नजर टाकली ती कोपऱ्यात. खरंच, तिथं जुन्या निळ्या चादरीखाली चौकट झाकलेली होती.

"आक्का, मला चौकटीचं माप द्या. लाकूड घरी आहे, मोडक्या बाजेचं. आज दिलंत तर उद्या करून टाकते."

"माप माझ्याकडं कुठलं?" म्हातारी म्हणाली. "ते तुझ्याकडंच आहे. ये उद्यापासून, बघू."

आता ह्याला उत्तर म्हणायचं का? हौसाला ही सरळ सरळ टाळाटाळ वाटली. तरी गरज तिची होती, म्हणून ती रोज जाऊ लागली. आणि म्हातारीनं तिला काय शिकवलं म्हणता? पहिल्या दिवशी स्टुलावर बसवून परातभर डाळ निवडायला दिली. दुसऱ्या दिवशी ओले कपडे दोरीवर वाळत घालायला लावले. तिसऱ्या दिवशी फळीवरची लोणच्याची बरणी खाली काढ म्हणाली, चौथ्या दिवशी तीच पुन्हा वर ठेव म्हणाली. स्वतः मात्र खांबाला टेकून बसायची आणि हौसाकडं टक लावून बघत राहायची. पंधरा दिवस हेच. 'वा गं शहाणे,' हौसा मनात म्हणायची, 'फुकटची मोलकरीण बरी सापडली तुला!'

सोळाव्या दिवशी बायजाक्का म्हणाली, "हां. आता ऐक. बाजेचे लांब दांडे दोन घे. आडव्या पट्ट्या दोन, त्यांची टोकं तासून दांड्यांच्या भोकांत बसव आणि पाचर मार. दांड्यांवर जुन्या धोतराची पट्टी ठोक, तिला गोधडीच्या कडा टाच. शिवून होईल तसं कापड दांड्यावर गुंडाळत जायचं. खाली पायांना विटांचे चार ढीग पुरेत. सुताराचं तोंड बघायची गरज नाही."

"आणि दोन दांड्यांत अंतर किती?"

"तुझ्या हातानं दोन वीत आणि चार बोटं. एक बोट जास्त नको."

एवढं सोपं, एवढं स्वस्त! दुसरी कुणी असती तर उड्या मारत घरी गेली असती. हौसा रस्त्यानं जाताना विचार करत होती, की सोपं होतं तर पंधरा दिवस का लावले?

वाटेत द्वारका भेटली. द्वारका हौसाची शेजारीण, बुटकी, अबोल, स्वभावानं गरीब. तीही बायजाक्काकडंच शिकलेली. बांबूची चौकट करून तिची दोन दुपटी शिवूनही झाली होती.

"द्वारके, तुला किती अंतर सांगितलं गं म्हातारीनं?"

"तीन वीत."

हौसा जागच्या जागी थबकली. ही एवढीशी बाई, हिला तीन वीत; आणि मी हिच्याहून हातभर उंच, मला दोन वीत चार बोटं? दोघींना दोन मापं म्हणजे एक तरी खोटं. कुठंतरी पाणी मुरतंय, ह्याबद्दल तिची आता खात्रीच पटली. अरुंद चौकट देऊन म्हातारी आपल्याला जन्मभर दुपट्यांवरच ठेवणार आणि मोठ्या गोधड्यांची गिऱ्हाइकं स्वतःकडं ओढणार!

सोमवारी सकाळी बायजाक्का देवळात जात असे. हौसानं शिंप्याकडून टेप मागून आणली आणि म्हातारी देवळाकडं वळल्याबरोबर ओसरीवर शिरली. तिनं निळी चादर उचलली. आत काळपट पडलेली जुनी चौकट. दोन दांड्यांतलं अंतर मोजलं, तर तब्बल तीस इंच! तिला सांगितलेलं माप टेपवर एकवीसच्या पुढं जात नव्हतं. लांबी मोजली, उंची मोजली, सगळं पुन्हा एकदा मोजलं, चादर होती तशी टाकली आणि ती घरी आली. 'सापडलीस,' असं ती स्वतःशीच तीनदा म्हणाली.

त्याच दुपारी तिनं नदीच्या घाटावर धुणं धुताना पाच जणींना गोळा केलं. पाचही जणी बायजाक्काच्या शिष्या. हौसानं टेप उलगडून दाखवली.

"हे बघा तिचं खरं माप. जे झाकून ठेवलं ते खरं, आपल्याला दिलं ते खोटं. आपल्या सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसलीत तिनं."

द्वारका हळूच म्हणाली, "पण माझं काम तर बरं चाललंय."

"चालणारच! तुला संशय येऊ नये म्हणून. दुपटी शिवत बस आता मरेपर्यंत."

बाकीच्या एकमेकींकडं बघू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून बायजाक्काची ओसरी ओस पडली.

इकडं हौसानं बाजेची लाकडं तासली, भोकं पाडली, पाचरी मारल्या. चौकट झाली म्हातारीच्या चौकटीची हुबेहूब नक्कल. केसभर फरक नाही. मोठी गोधडी ताणून ती स्टुलावर बसली आणि शिवू लागली. पहिले चार दिवस झकास गेले. आठव्या दिवशी पाठीत कळ आली. पंधराव्या दिवशी गुडघा सुजला. विसाव्या दिवशी ती सकाळी उठली तर पाय जमिनीवर टेकवेना. सुईला हात लावणं तर सोडाच, तिला शेजारणीकडून पाणी मागून घ्यावं लागलं.

आता तरी बाईला शंका यावी ना, की आपलंच काही चुकलं? छे! चार दिवस अंथरुणात पडून हौसानं जो निष्कर्ष काढला तो ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. तिला वाटलं, आपण मोजायला येणार हे म्हातारीला आधीच ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिनं मुद्दाम चुकीची चौकट चादरीखाली ठेवली होती. खरी दुसरीकडंच कुठंतरी लपवलेली असणार.

सूज जराशी उतरली तशी ती काठी टेकत बायजाक्काकडं गेली. ओसरीवर म्हातारी एकटीच होती.

"आक्का, खरी चौकट कुठं आहे?" हौसा दारातूनच ओरडली. "मी चोरून मोजली तुमची चौकट, हो, मोजली! तशीच्या तशी केली. हा बघा माझा पाय. काय वाकडं केलं होतं मी तुमचं? माझं पोट ह्या सुईवर आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

बायजाक्का रागावली नाही. ती उठली आणि तिनं निळी चादर ओढून बाजूला टाकली. मग आत जाऊन करवत घेऊन आली. चौकटीची पाचर ठोकून काढली, एक आडवी पट्टी पायाखाली दाबली आणि कापायला सुरुवात केली. पन्नास वर्षांची चौकट! भुसा खाली पडत होता आणि हौसा आ वासून बघत होती. तिला वाटलं, म्हातारी पुरावा नष्ट करतेय.

चार बोटांचा तुकडा टपकन खाली पडला. बायजाक्कानं तो उचलून हौसाच्या हातात दिला.

"ह्याच्याआधी सहा वेळा कापलीय मी ही. लग्न होऊन आले तेव्हा साडेचार वीत होती. पोटुशी होते तेव्हा वाकता येईना, म्हणून पहिल्यांदा कापली. मग बाळंतपणं झाली, मग कंबर धरायला लागली. ह्या वर्षी मधल्या टाक्याला हात पोचत नाही. दोन महिने तशीच ओढत होते. आज कापायचीच होती. तू मोजून गेलीस ती माझी गेल्या वर्षीची पाठ होती, हौसा. ती तर आता माझ्याही कामाची नाही."

हौसाच्या मुठीत तो लाकडाचा तुकडा होता.

"तुला डाळ निवडायला बसवलं, तेव्हा परातीच्या पलीकडच्या कडेला हात नेताना तू डाव्या हातानं गुडघा धरत होतीस. कपडे वाळत घालताना दोरी आपल्याकडं ओढून घेत होतीस. बरणी काढताना जरा भार उजव्या पायावर आला, की चेहरा वेदनेनं पिळवटायचा. तुला ते कळतही नव्हतं. माणूस स्टुलावर बसून पुढं वाकलं, की भार पायावर येतो. तुझा पाय तर आधीच गेलेला. म्हणून वाकावंच लागू नये एवढं अंतर दिलं, दोन वीत चार बोटं. द्वारका बुटकी आहे, पण तिची पाठ वेतासारखी लवते. तिला तीन वीत चालतात. आणि दुपट्यांचं म्हणशील, तर कापड गुंडाळत जायचं असतं. अरुंद चौकटीवर हवी तेवढी मोठी गोधडी होते."

"मग झाकून का ठेवता?" हौसाच्या आवाजातली धार गेली होती, पण प्रश्न काही सुटला नव्हता.

म्हातारीनं चादरीची घडी घातली. "माझी लेक गोदा. ती ही चौकट रोज बघायची. आईची चौकट म्हणून अगदी अशीच करून घेतली तिनं. मला कौतुक वाटलं, मी तोंड उघडलं नाही. तीन वर्षांत तिचा खांदा गेला. आजही तिला स्वतःची वेणी घालता येत नाही, सासरी जाऊबाई घालते. तेव्हापासून झाकते. डोळ्यासमोर चौकट असली की बाया तीच मोजतात, स्वतःला मोजत नाहीत." मग चादर बाजूला ठेवून ती म्हणाली, "पण हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. गोदाचं नाव काढायचं जिवावर येतं माझ्या. तेवढी चूक माझी."

हौसाला त्या क्षणी स्वतःची विलक्षण लाज वाटली. समोरच्यानं आपल्यापासून काय लपवलं हे शोधण्यात आपण इतके गुंतून जातो, की त्यानं आपल्या हातात काय ठेवलं होतं ते बघायचंच राहून जातं. तिनं वाकून म्हातारीच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. गुडघ्यानं साथ दिली नाही.

"राहू दे," बायजाक्का म्हणाली. "माझ्या पाया पडून काय होणार? घाटावर जे बोललीस ते घाटावरच परत घे."

हौसा घाटावर गेली. पाचही जणी होत्या. तिनं सगळं सांगितलं, आपण चोरून मोजलं तेही सांगितलं, पाय दाखवला. तिला वाटत होतं, बाया हळहळतील आणि उठून बायजाक्काकडं निघतील. बाया तिच्याकडं डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"म्हातारीनं काय देऊ केलं गं तुला?" एकीनं विचारलं.

"आता ही तिची वकिली करणार आणि सगळी विद्या एकटी घेणार," दुसरी म्हणाली.

हौसानं शपथ घेतली, तर तिसरी हसली. महिन्यापूर्वी एका दुपारी जे काम सहज झालं होतं, ते आज तिला काही केल्या उलटवता येईना. चौघी धुण्याचे पिळे उचलून निघून गेल्या. द्वारका मात्र दगडावर तशीच बसून राहिली.

"तू तरी विश्वास ठेव, द्वारके. तुझी चौकट बरोबर होती. तीच ठेव."

"कुठली ठेवू?" द्वारका म्हणाली. "तू सांगितलंस त्याच दिवशी मोडली मी ती. चुलीत घातली. मोठी करायला बांबू कुठला आणू? महिना झाला, टाका घातला नाही."

ती रागानं म्हणाली असती तर हौसाला सोसलं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

हौसा घरी आली. दारात तिची चौकट उभी होती. पट्ट्या कापल्या की दोन वीत चार बोटांची होणार आणि उद्यापासून चूल पेटणार. दुसरं लाकूड घरात नव्हतं. ती चौकटीकडं बघत उंबऱ्यावर बसली. मग उठली, पाचरी काढल्या, लाकडांची मोळी बांधली, करवत कमरेला खोचली आणि लंगडत द्वारकेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बस इथं. हात पुढं कर."

द्वारकेनं मोळीकडं पाहिलं, मग हौसाकडं पाहिलं. "ह्यात काय डाव आहे?"

"काही नाही. बस."

"आणि तुझं काय?"

"माझं मी बघीन. आक्का म्हणतील तिथून बांबू आणीन."

द्वारका बसली, पण अंग चोरून बसली. हौसानं तिला हात पुढं करायला लावला, पुन्हा करायला लावला, पाठीचा बाक न्याहाळला आणि जिथं हात सहज पोचत होता तिथं कोळशानं खूण केली. द्वारकेची वीत लावून बघितली. बरोबर तीन भरल्या. मग तिनं करवत चालवली. द्वारका करवतीकडं डोळ्यांत तेल घालून बघत होती. दुसरी पट्टी कापण्याआधी तिनं ती हौसाच्या हातातून काढून घेतली, पहिलीशी जुळवून पाहिली आणि परत दिली. असं बघितलं जाणं किती बोचतं, हे हौसाला आज समजलं होतं.

चौकट उभी राहिली. विटा लागल्या. द्वारकेनं आतून अर्धवट राहिलेली गोधडी आणली आणि टाचून ताणली. मधोमध हात नेऊन पाहिला. पाठ न ताणता पोचला. दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिला, तिथंही पोचला. ती खाली बसली. सुई हातात घेऊन तिनं बराच वेळ दांड्यावरून बोटं फिरवली.

मग मान वर न करता तिनं सुई हौसापुढं धरली. "दोरा ओवून दे," ती म्हणाली.